३० पैकी २८ गुण, तरी रोजकीर्द जुळेना

ताई, नमस्कार.

मी ४७ वर्षांची आहे. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत २१ वर्षं नोकरी करते. आधी पिग्मीचे हिशेब बघायचे, आता कॅश आणि रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग केमो: चार लाल औषधाचे डोस, त्यानंतर बारा आठवडे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल. शेवटी रेडिएशन. सगळं संपून सात महिने झाले. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनवरची गोळी चालू आहे. तळपायाच्या मुंग्यांसाठी रात्री एक गोळी घेते, सकाळी पित्ताची एक. पाळी केमोत गेली ती आलीच नाही. रिपोर्ट चांगले आहेत.

पण माझं डोकं काही परत आलेलं नाही. नोटा मोजताना कुणी हाक मारली की आकडा जातो. व्हाउचर हातात असतं आणि कुठल्या खात्याला नावे टाकायचं ते सुचत नाही. गेल्या महिन्यात तीनदा रोजकीर्द जुळली नाही. एकदा ९०० रुपयांचा फरक. ९ ने भाग जातोय म्हणून शोधलं, तर ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिलेले. घरी आठवड्यातून दोनदा दूध उतू जातं. बोलताना नेमका शब्द सापडत नाही, 'ते हे, ते हे' करत बसते. मिस्टर म्हणतात, तुझं लक्षच नसतं.

माझ्या सासूबाई डिमेन्शियानं गेल्या. चार वर्षं त्यांचं सगळं मीच केलं. त्यांची सुरुवात अशीच झाली होती. कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, मोठ्या दुखण्यातून उठलात, आता हे काय घेऊन बसलात? फारच मागे लागले तेव्हा तिथल्या एका ज्युनियर डॉक्टरांनी चाचणी घेतली. ३० पैकी २८. 'नॉर्मल' असा शेरा. मग मला होतंय ते काय? एमआरआय काढू का? मोबाइलवर स्मरणशक्तीच्या चाचण्या आणि गोळ्या येतात, त्या घेऊ का? मार्चएंड जवळ आला की पोटात गोळा येतो. नोकरी सोडून द्यावी असं वाटतं.

एक कॅशियर, जि. सांगली

ताई,

तुमच्या त्या नऊशे रुपयांपासूनच सुरुवात करते. आकडे उतरवताना ५ आणि ४ ची जागा बदलली, ही चूक झाली. पण फरक हातात आल्यावर त्याला ९ ने भाग जातो, म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडलेत, हे तुम्हाला सुचलं. मग मागची पानं चाळून नेमकी नोंद तुम्हीच काढली. एकवीस वर्षांचं कसब जागच्या जागी आहे. घसरलंय ते त्या एका क्षणाचं लक्ष, व्हाउचरवरून वहीत आकडा नेईपर्यंत तो डोक्यात धरून ठेवण्याचं काम. ही दोन वेगवेगळी कामं आहेत, आणि तुमच्या सगळ्या तक्रारी दुसऱ्या कामाच्या आहेत. नोटा मोजताना आकडा जाणं, शब्द वेळेवर न सापडणं, गॅसवर दूध ठेवून वळलं की ते विसरणं, सगळं त्यातलंच.

याला पेशंटांनीच फार पूर्वी नाव दिलं, 'केमो ब्रेन'. डॉक्टर मंडळी बरीच वर्षं ते मनावर घेत नव्हती. आता घेतात, निदान कागदावर तरी. २०१७ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्तनाच्या कॅन्सरच्या ५८१ बायका होत्या आणि तुलनेसाठी ३६४ निरोगी बायका. केमोच्या आधी आणि केमो संपल्यावर त्यांना विचारलं, तेव्हा केमो झालेल्यांपैकी ४५.२ टक्के बायकांनी आपलं डोकं लक्षात येण्याइतकं मंदावल्याचं सांगितलं. निरोगी बायकांत हे प्रमाण १०.४ टक्के होतं. सहा महिन्यांनंतरही ते ३६.५ टक्के आणि १३.६ टक्के असं राहिलं. म्हणजे तुमच्याबरोबर त्या केमोच्या वॉर्डात खुर्च्यांवर बसलेल्या बायकांपैकी तीनातली एक तरी आज तुमच्यासारखीच कुठेतरी 'ते हे, ते हे' करत असणार. तिनं पत्र लिहिलं नाही, इतकंच.

नाव जरी केमोचं असलं तरी दोष एकट्या केमोचा नाही. काही पेशंटांत तर पहिलं सलाईन लागायच्या आधीच लक्ष आणि स्मृती थोडी उतरलेली आढळते. शरीरात चाललेला दाह, निदानाचा धक्का, तुटलेली झोप, ऑपरेशन, अचानक गेलेली पाळी, हार्मोनच्या गोळ्या, हे सगळं एकावर एक चढतं. रेडिएशन मात्र तुम्हाला छातीवर मिळालं, त्याचे किरण मेंदूपर्यंत गेलेले नाहीत. ही शंका बऱ्याच जणींच्या मनात असते आणि विचारायला संकोच वाटतो, म्हणून सांगून टाकते.

आता त्या २८ गुणांकडे येऊ. तुमची चाचणी कोणती ते तुम्ही लिहिलं नाही, पण ३० गुणांच्या दोन चाचण्या आपल्याकडे सर्रास वापरतात. एक १९७५ सालची, 'एमएमएसई'. दुसरी कॅनडातल्या माँट्रियलची, 'मोका'. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. तारीख-वार विचारणं, काही शब्द सांगून थोड्या वेळानं पुन्हा विचारणं, १०० मधून ७ वजा करत जाणं, एखादी आकृती काढायला लावणं, अशी कामं त्यात असतात. मोकात २६ आणि त्यावर गुण आले तर ठीक समजतात. दोन्ही चाचण्या चांगल्याच आहेत, पण त्या बनवल्या सासूबाईंच्या आजारासाठी. डिमेन्शिया किंवा त्याची पहिली पायरी पकडणं हे त्यांचं काम. तुमच्यासारखी बारीक घसरण त्यांच्या जाळीतून अलगद निसटते. कॅन्सरनंतरच्या तक्रारींसाठी तर खात्रीची म्हणावी अशी एकही छोटी चाचणी अजून ठरलेली नाही, आणि या क्षेत्रातले तज्ज्ञ हे उघडपणे मान्य करतात.

शिवाय चाचणी कुणाची घेतली, तर एकवीस वर्षं कॅशवर बसलेल्या बाईची! ९३, ८६, ७९, ७२, ६५... हे तुम्ही झोपेतही म्हणाल. पूर्वी तुम्हाला ३० पडले असते की २९, हे कुणाला माहीत? आधीचा गुण नसेल तर आजच्या गुणावरून घसरण कशी मोजणार? आरंभीची शिल्लकच लिहिली नाही आणि अखेरची बरोबर आहे म्हणून सही केली, असा हा प्रकार झाला. उलटंही घडतं. चौथीपर्यंत शिकलेल्या, शेतात राबणाऱ्या एखाद्या बाईला त्याच चाचणीत २१ पडतात, आणि तिच्या मेंदूला काहीही झालेलं नसतं. बारा वर्षं किंवा कमी शिक्षण असेल तर मोकात एक गुण वाढवून देतात. पण एका गुणानं काय भरून निघणार? म्हणून 'नॉर्मल' या शेऱ्याचा अर्थ इतकाच घ्या की डिमेन्शियाची चिन्हं त्या दिवशी त्या चाचणीत दिसली नाहीत. ही बातमी चांगलीच आहे. तुमची तक्रार खोटी ठरवण्याइतकी ती मोठी नाही.

खरी तपासणी सुरू होते ती साध्या प्रश्नांपासून, आणि ते दर भेटीला विचारायला हवेत. अमेरिकेतल्या 'एनसीसीएन' या कॅन्सर केंद्रांच्या संघटनेनं उपचार संपलेल्या पेशंटांसाठी मार्गदर्शिका काढली आहे. तिच्यात असे तीन प्रश्न आहेत. एका वेळी अनेक कामं करणं किंवा लक्ष देणं जड जातं का? गोष्टी लक्षात ठेवायला त्रास होतो का? विचार मंदावल्यासारखे वाटतात का? युरोपात तयार झालेल्या ३० प्रश्नांच्या एका फॉर्मचं मराठी भाषांतर मुंबईच्या टाटा रुग्णालयात वापरलं गेलं आहे. त्यातही दोन प्रश्न याचेच आहेत, पेपर वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागतं का आणि गोष्टी आठवायला अडचण येते का. या तपासणीला पैसा लागत नाही, दोन मिनिटं लागतात. तुमच्या डॉक्टरांकडे ती दोन मिनिटं नव्हती. त्यांच्या दारातली रांग मी पाहिलेली आहे, त्यामुळे मी त्यांच्यावर फार रागावत नाही. पण 'मोठ्या दुखण्यातून उठलात, आता हे काय' हे वाक्य मला मुळीच आवडलेलं नाही. जगलेल्या माणसाला उद्या कामावर जायचं असतं.

पुढच्या भेटीला जाताना सोबत एक वही न्या. दोन आठवडे रोज चार ओळी लिहा. कधी चुकलं, काय चुकलं, आदल्या रात्री किती झोप झाली, कुठली गोळी किती वाजता घेतली. तुम्हाला हे शिकवायला नको. 'मला विसरायला होतं' म्हटलं की डॉक्टर म्हणतात, मलाही होतं. 'चौदा दिवसांत नऊ वेळा चुकले, त्यातल्या सात वेळा दुपारी तीननंतर' असं दाखवलंत की त्यांना पेन उचलावंच लागेल.

आणि मग त्यांच्याकडून दुरुस्त होण्याजोगी कारणं शोधून घ्या. तपासणीचा सगळ्यात उपयोगी भाग हाच, आणि नेमका तोच वगळला जातो. तुमच्या पत्रातच मला तीन-चार धागे दिसतात.

पहिला, मुंग्यांची रात्रीची गोळी. तिचं नाव तुम्ही दिलेलं नाही, पण मुंग्यांसाठी बहुतेक वेळा प्रीगॅबालिन, गॅबापेन्टिन किंवा अमिट्रिप्टिलिन देतात. तिन्हींनी गुंगी येते आणि सकाळी डोकं जड राहू शकतं. गोळी गरजेची असेल, पण तिचा डोस आणि वेळ यांवर बोलता येतं. सर्दीसाठी किंवा खाज येते म्हणून मधूनच एव्हिल किंवा सेट्रिझिन घेत असाल, रात्री झोपेची गोळी घेत असाल तर तेही वहीत लिहा. 'ती काय, साधी गोळी आहे' म्हणून बायका हे सांगतच नाहीत.

दुसरा, पित्ताची गोळी. पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी दीर्घकाळ रोज पोटात गेली की अन्नातलं बी-१२ कमी शोषलं जाऊ शकतं. त्यात तुम्ही शाकाहारी असाल, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर बी-१२ कमी असण्याची शक्यता आणखी वाढते. गंमत अशी की बी-१२ च्या कमतरतेनंही पायाला मुंग्या येतात आणि डोकंही मंदावतं. मुंग्या पॅक्लिटॅक्सेलच्या म्हणून सगळ्यांनी गृहीत धरल्या आणि बी-१२ तपासायचं राहूनच गेलं, असं होऊ शकतं. तपासून घ्या. त्याच रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, साखर, सोडियम आणि कॅल्शियमही बघायला सांगा. ही सगळी नेहमीच्या लॅबमध्ये होणारी कामं आहेत.

तिसरा धागा झोपेचा. पाळी अचानक गेली, वर टॅमॉक्सिफेन. रात्री अंगातून वाफा निघून, घामानं भिजून जाग येते का? तुम्ही लिहिलं नाही, पण येत असणार असा माझा अंदाज आहे. रात्रीत तीनदा जाग आलेल्या माणसाला दुपारी नोटांचं बंडल मोजायला बसवलं तर केमो न होताही आकडा चुकेल. यावर उपाय आहेत, पण ते हार्मोनशिवायचे हवेत, म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरांनाच विचारून करा. टॅमॉक्सिफेनचा काही बायकांच्या शब्दांच्या स्मृतीवर थोडा परिणाम झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. हे वाचून उद्या सकाळी ती गोळी बंद करू नका! कॅन्सर परत येऊ नये म्हणून ती आहे. त्रास होत असेल तर पर्याय काय, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. परस्पर थांबवायची मात्र नाही.

चौथा, मन. सगळं संपल्यावर, लोकांनी 'बरी झालीस' म्हणून पेढे खाल्ल्यावर, मग उदासी येते. उपचार चालू असतात तेव्हा रडायला वेळ नसतो. उदासी आणि काळजी या दोन्ही गोष्टी लक्ष खातात, आणि बाहेरून ते अगदी विसराळूपणासारखंच दिसतं. याबद्दल मोकळेपणानं सांगा. आणि त्यासाठी औषध सुरू करायचं ठरलं तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आवर्जून सांगा. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या गोळ्या टॅमॉक्सिफेनला शरीरात नीट कामाला लागू देत नाहीत. दुसऱ्या चालणाऱ्या गोळ्या आहेत. आधी नुसतं कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

हे सगळं तपासून, दुरुस्त करूनही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही तर मग पूर्ण चाचणी. ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घेतात आणि तिला दोन-तीन तास लागतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात आधी चौकशी करा, खासगीपेक्षा खर्च पुष्कळ कमी येतो. 'मानसोपचार' या पाटीला दचकू नका. मी बारा वर्षं अशाच पाटीखाली बसून कॅन्सरच्या पेशंटांच्या चाचण्या घेतल्या आहेत. बाहेरच्या बाकावर बसलेल्यांतले निम्मे तरी दुसऱ्या वॉर्डातून आलेले असायचे.

तिथे काय करायला लावतात? शब्दांची एक यादी तीनदा वाचून दाखवतात आणि दर वेळी आठवतील ते शब्द म्हणायला सांगतात. वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा विचारतात. कागदावर विखुरलेले आकडे क्रमानं रेघेनं जोडायला देतात, मग आकडा-अक्षर, आकडा-अक्षर असे आळीपाळीनं. एका अक्षरापासून सुरू होणारे शब्द मिनिटभरात जितके सुचतील तितके म्हणायला सांगतात. २०११ साली कॅन्सर आणि मेंदूवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं निदान या तीन प्रकारच्या चाचण्या घ्याव्यात असं सुचवलं होतं. इथे २८ गुणांसारखा एकच आकडा मिळत नाही. शिकण्याचा वेग, लक्ष, विचारांचा वेग, शब्द, प्रत्येकाचं वेगळं माप मिळतं, आणि ते तुमच्या वयाच्या आणि शिक्षणाच्या लोकांशी ताडून. चाचणी मराठीतूनच मागा. हिंदीत शब्द शोधत बसलात तर मोजमाप तुमच्या हिंदीचं होईल. चष्मा न्या, सकाळची वेळ घ्या, आदल्या रात्री जागरण नको.

एक सावधगिरीची सूचना. या मोठ्या चाचणीतही सगळं ठीक निघू शकतं. स्वतःला जाणवणारा त्रास आणि चाचणीतले गुण यांचा मेळ बरेचदा बसत नाही. शांत खोलीत, समोर एकच माणूस, एका वेळी एकच काम, असं असलं की बहुतेकांना जमतं. पतसंस्थेच्या काउंटरवर दुपारी बारा वाजता काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गुण चांगले आले तर ते फाइलला लावा, ती तुमची आरंभीची शिल्लक. वर्षभरानं त्याच्याशीच तुलना होईल.

एमआरआयचं थोडक्यात सांगते. तुमच्या पत्रातल्या तक्रारींसाठी तो लगेच काढायची गरज मला दिसत नाही. या प्रकारच्या त्रासात तो बहुधा स्वच्छच येतो. पण सकाळी उठल्या उठल्या डोकं ठणकून उलटी होणं, फिट येणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अचानक अडखळणं, एकाचे दोन दिसणं, किंवा एक-दोन दिवसांत माणूस एकदम गोंधळून जाणं, यातलं काहीही झालं तर वही-बिही राहू द्या, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे एमआरआयचा निर्णय डॉक्टर लगेच घेतील.

मोबाइलवरच्या चाचण्या नकोत. दुसऱ्यांदा खेळलात की सरावानं गुण वाढतात आणि शेवटी काहीतरी विकायला येतंच. गोळ्यांचं सांगायचं तर अल्झायमरमध्ये देतात ती डोनेपेझिल स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांना २४ आठवडे देऊन पाहिली. २७६ बायकांवरचा हा प्रयोग होता, आणि साध्या साखरेच्या गोळीपेक्षा तिनं काहीही जास्त दिलं नाही. खरं औषध हरलं तिथे जाहिरातीतल्या डब्यानं काय करायचं! ब्राह्मी, शंखपुष्पीच्या अर्काच्या कॅप्सूल घ्यायच्या असतील तरी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना डबा दाखवा. टॅमॉक्सिफेनबरोबर काय चालतं हे दुकानदाराला विचारायचं नसतं.

ज्याचा उपयोग होताना दिसतो ते फार साधं आहे, म्हणून कुणी त्याची जाहिरात करत नाही. अंगाला थोडा घाम येईल असं चालणं, आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत नेत. झोपेची वेळ बांधून घेणं. आणि कामाची पद्धत बदलणं.

नोकरी सोडू नका, निदान या मार्चएंडच्या भीतीनं तरी नको. सात महिने हा फार थोडा वेळ आहे. बऱ्याच जणींना पहिल्या एक-दोन वर्षांत हळूहळू बरं वाटत जातं. काहींना थोडं कायमचं राहतं, हेही खरं. मॅनेजरसाहेबांना सगळी वैद्यकीय कहाणी सांगायची गरज नाही. 'उपचारांमुळे काही महिने मला एका वेळी एकच काम जमेल, मला तपासणारा दुसरा माणूस द्या' इतकं पुरे. बँकांत हा नियमच असतो, नोंद करणारा एक, तपासणारा दुसरा. तुमच्या पतसंस्थेत तो नसेल तर तुमच्या निमित्तानं सुरू होईल, ऑडिटरही खूश होतील. जमलं तर सहा महिने काउंटर दुसऱ्याकडे आणि खतावणी, म्हणजे खातेवहीचं काम, तुमच्याकडे असा बदल मागा. काउंटरवरच राहायचं असेल तर बंडल मोजून झालं की आधी आकडा चिठ्ठीवर लिहायचा, मग मान वर करायची. मध्ये कुणी 'मॅडम' म्हटलं तर म्हटलं! आकडा उतरवताना तोंडानं म्हणा, हलक्या आवाजात. अवघड काम सकाळी अकराच्या आत. दुपारी तीननंतर फक्त शिक्के आणि फायली.

सासूबाईंचं आता. त्यांचा आजार तुम्ही चार वर्षं जवळून बघितला, म्हणून आपली प्रत्येक चूक तुम्ही त्यांच्या चुकीशी ताडून बघता. आधी एक साधी गोष्ट. सासूचा आजार सुनेला रक्तातून येत नाही. त्याची काळजी करायचीच तर मिस्टरांनी करावी. दुसरं, आठवून बघा, सुरुवातीला त्यांच्या चुका कुणाच्या लक्षात आल्या होत्या? त्यांच्या, की तुमच्या? त्या आजारात बहुधा घरच्यांना आधी कळतं आणि माणूस स्वतः म्हणतो, मला काही झालेलं नाही. तुम्ही मात्र आपली एकेक चूक आकड्यासकट सांगू शकता. कुणी पहिलं अक्षर सांगितलं की शब्द सापडतो ना? लिहून ठेवलेलं बघितलं की 'अरे हो' होतं ना? मग नोंद आत झालेली आहे, काढायला वेळ लागतोय. पण महिन्यामागून महिने त्रास वाढतच गेला, ओळखीचा रस्ता चुकायला लागला, तोच प्रश्न तासात चारदा विचारताय असं घरचे म्हणायला लागले, तर मी वर लिहिलेलं बाजूला ठेवून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या. भाऊ, 'तुझं लक्ष नसतं' हे तुमचं निदान अगदी बरोबर आहे. फक्त ते तक्रारीसारखं म्हणू नका. लक्ष नसणं हाच तर आजाराचा मागे राहिलेला भाग आहे. पुढच्या भेटीला सोबत जा आणि डॉक्टरांना तुम्ही सांगा की आधी ही कशी होती. तुमच्याइतकं ते कुणाला माहीत नाही.

ही चिठ्ठी वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी, कारण असली पत्रं फक्त स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांचीच येतात असं नाही. तंबाखूनं तोंडाचा, घशाचा कॅन्सर झालेल्या पुरुषांना मानेवर रेडिएशन मिळतं. त्यानं पुढे थायरॉइड मंदावू शकतं, म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच बघावी लागते. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध मिळालेलं असेल तर कानही तपासा. 'बाबांना सांगितलेलं लक्षात राहत नाही' म्हणून आणलेल्या एका गृहस्थांना मी दीड तास प्रश्न विचारले. शेवटी ध्यानात आलं, त्यांना माझं अर्धं बोलणं ऐकूच येत नव्हतं. आणि घरात कुणाचा केमो अजून सुरू व्हायचा असेल, विशेषतः साठी उलटलेल्या माणसाचा, तर सुरू होण्याआधीच एक छोटी चाचणी घेऊन गुण फाइलला लावायला सांगा. तीन शब्द लक्षात ठेवणं आणि घड्याळाचं चित्र काढणं, इतकीही पुरते, तीनेक मिनिटांत होते. या ताईंसारखी आरंभीच्या शिल्लकेची अडचण मग येणार नाही.

राहिलं दूध. भांड्यांच्या दुकानात शिट्टीचा दूधकुकर मिळतो, बाहेरच्या भिंतीत पाणी भरायचं असतं. ते पाणी भरायला विसरू नका, त्यासाठी कुकरच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवा. माझ्या ओट्यावर तो गेली नऊ वर्षं आहे, आणि मला केमो झालेला नाही.